काठावरची गौरी

नायक आणि नायिका नदीत बुडून मरतात, हे ‘मूग मनसुलु’ आपल्याला सुरुवातीलाच सांगून टाकतो. नवं लग्न झालेलं जोडपं गोदावरीवर फिरायला येतं. नाव पाण्याच्या मध्यावर पोचते आणि एका ठरावीक जागी नवऱ्याचा जीव कासावीस होतो. तिथला भोवरा त्याला ओळखीचा वाटतो. काठाला लागल्यावर एक पडका वाडा दिसतो, समाधी दिसते आणि एक म्हातारी भेटते. या दोघांचे चेहरे पाहताच तिला कळून चुकतं की हे परत आलेत. मग ती बोलू लागते आणि पुढचा सगळा चित्रपट तिच्या तोंडून उलगडत जातो.

1964 सालचा हा तेलुगू चित्रपट अदुर्ती सुब्बाराव यांचा. अक्किनेनी नागेश्वरराव, सावित्री आणि जमुना ही त्यातली तीन मुख्य माणसं. नावाचा अर्थ ‘मुकी मनं’. मराठी वाचकानं हा पाहिला नसेल, पण त्याची गोष्ट मात्र त्याला ठाऊक असते, कारण याच अदुर्तींनी 1967 मध्ये तो हिंदीत केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘मिलन’. सुनील दत्त, नूतन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, मुकेश आणि लता असा सगळा सरंजाम. ‘सावन का महीना’ ऐकलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडायचं नाही. हैदराबादच्या आम्हा मराठी माणसांचीही तीच गत. सुलतान बाजार, काचिगुडा, बडी चावडी भागातल्या जुन्या मराठी कुटुंबांनी ‘मिलन’ पाहिला, त्याची गाणी पाठ केली, आणि मूळ चित्रपट शेजारच्यांचा म्हणून शेजाऱ्यांकडेच ठेवला. आपल्या गावात राहणाऱ्या अक्किनेनींचा चित्रपट आपण हिंदीमार्गे पाहिला, ही गंमत बऱ्याच जणांच्या लक्षातही आली नाही.

आता मोबाईलवर दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहता येतात. तसे ते जरूर पाहावेत, आणि पाहताना डोळा गौरीवर, म्हणजे सुरुवातीच्या त्या म्हातारीवर ठेवावा.

आधी गोष्ट थोडक्यात. गोपी हा अनाथ नावाडी. जमीनदाराची मुलगी राधा त्याच्या नावेतून रोज पैलतीरावरच्या कॉलेजात जाते. तो तिला ‘अम्मायिगारू’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडे गडीमाणसं मालकाच्या लेकीला ‘ताईसाहेब’ म्हणतात तसं. रोज एक फूल देतो, गाणी म्हणतो. गावातली गौरी गोपीवर जीव टाकते आणि ते लपवत नाही. राधेचं लग्न तिच्या तोलामोलाच्या घरात होतं. लवकरच नवरा जातो आणि ती विधवा होऊन माहेरी परत येते. गोपी तिला पुन्हा माणसांत आणू पाहतो, गाव कुजबुजू लागतं, कुजबुजीचा गोंगाट होतो, आणि शेवटी ती दोघं नावेत बसून निघतात ती त्या भोवऱ्यापर्यंत.

नुसती ऐकली तर ही गोष्ट शंभरदा ऐकल्यासारखी वाटते. जमीनदाराची मुलगी, गरीब नायक, पुनर्जन्म. पण गोष्ट कोण सांगतंय, याला इथे फार महत्त्व आहे. पुनर्जन्माच्या चौकटीसाठी त्या काळात सगळ्यांसमोर बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (1958) होता. तिथे वादळी रात्री जुन्या हवेलीत अडकलेल्या नायकाला स्वतःलाच मागचा जन्म आठवतो. म्हणजे ज्याची कथा, तोच कथेकरी. अदुर्तींनी हा धागा उचलला आणि त्यात एकच बदल केला: आठवण तिसऱ्या माणसाच्या हवाली केली. परत आलेल्या दोघांना स्वतःचं काही धड आठवत नाही. आठवतंय ते जिला त्या प्रेमात जागाच नव्हती तिला. राधा आणि गोपी नावेत एकटे असताना काय बोलले, राधा रात्री का जागी होती, गोपीनं काय मनात ठेवलं, हे सगळं आपण गौरीच्या तोंडून ऐकतो. तिला ते कसं कळलं, असा प्रश्न वकिली बाण्यानं विचारता येईल. मला तो विचारावासा वाटत नाही. सगळा जन्म एकाच गोष्टीपाशी बसून काढलेल्या बाईनं न पाहिलेले प्रसंगसुद्धा मनात रचून ठेवले असतील, त्यात काय नवल?

आणि तिनं ते कसे रचलेत, ते पाहा. राधेला कुठेही कमी लेखलेलं नाही. उलट राधा तिच्या सांगण्यात जास्तच सुंदर, जास्तच शहाणी आहे. गौरी स्वतःला मात्र भांडकुदळ, हसरी, आगाऊ पोर म्हणून रंगवते. सवतीमत्सराला एवढी मोकळी वाट असताना तिनं ती घेतली नाही, आणि हे पटकथेत कुणी मोठ्यानं म्हणतसुद्धा नाही. संवाद आचार्य आत्रेय आणि मुळ्ळपूडि वेंकटरमण यांचे. (हे आत्रेय तेलुगूतले, आपल्या अत्र्यांशी संबंध नाही. त्यांना तिकडे ‘मनसु कवी’, मनाचा कवी म्हणतात.) शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या माणसांनी नेमकी ही जागा रिकामी ठेवली आहे. चित्रपटाच्या नावातली मुकी मनं म्हणजे राधा आणि गोपी, असं सगळे धरून चालतात. मला विचाराल तर ती दोघं गाण्यांतून पुष्कळ बोलतात. खरी मुकी आहे ती सगळ्यांत जास्त बडबड करणारी गौरी.

गौरी झालेल्या जमुनाचं काम या नजरेनं पाहिलं की वेगळंच दिसू लागतं. ‘गोदारि गट्टुंदि’ हे गायिका सुशीलेच्या आवाजातलं गाणं घ्या. गट्टु म्हणजे काठ. नदीचा काठ, काठावरचं झाड, अशी एकातून एक निघत जाणारी लोकगीताच्या घाटणीची रचना आहे, आणि जमुना त्यावर अक्षरशः बागडते. हे गाणं दाशरथी कृष्णमाचार्यांचं. दाशरथी तेलंगणाचे, निजामाच्या राजवटीविरुद्ध लिहून तुरुंगात गेलेले कवी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसाला हे नाव परकं वाटू नये. बंडखोर कवितेसाठी ओळखला जाणारा हा कवी इथे एका अल्लड पोरीसाठी काठावरचं गाणं लिहून जातो. ते काठावरचं असणं सहज झालेलं नाही. राधेच्या वाट्याला नाव आली, गौरीच्या वाट्याला काठ. गोपी या दोघींच्या मधल्या पाण्यावर ये-जा करतो. चित्रपटाची सुरुवात होते तेव्हा नाव बुडून कैक वर्षं लोटलेली असतात. काठ जिथल्या तिथे असतो, आणि गौरीही.

दुसरं गाणं म्हणजे गौरीला ‘तुझा नवरा कोण’ म्हणून छेडणारं. हिंदीत त्याचं ‘बोल गोरी बोल’ झालं. नवऱ्याच्या वर्णनाचं कोडं घालायचं आणि ते शंकरावर नेऊन पोचवायचं, असा तो खेळ. मंगळागौरीत उखाणे घेतलेल्या बाईला हा खेळ शिकवावा लागणार नाही. आपल्याकडे नाव घ्यायला लावतात, इथे नाव सांगायला लावतात, आणि दोन्हीकडे मुलगी लाजते असं गृहीत असतं. जमुना लाजते खरी, पण तिच्या लाजण्यात एक आशा आहे, आणि समोरच्या गोपीला ती दिसत नाही. तो मनापासून थट्टा करतोय. प्रेक्षक हसतो आणि मागाहून त्याला जरा चुटपूट लागते.

आता नावेकडे. त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी नांदेडला आपल्याला भेटते तेव्हा ती घाटांची आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या खडकांची नदी असते. पुढे प्राणहिता, इंद्रावती, शबरी येऊन मिळतात आणि राजमहेंद्रीपर्यंत तिचं पात्र असं पसरतं की समोरचा काठ म्हणजे नुसती रेघ. 1,465 किलोमीटरांच्या प्रवासाचं सगळं पाणी त्या एका पात्रात असतं. अशा नदीवर नाव पैलतीराला लागायला वेळ लागतो, आणि अदुर्तींना हा वेळच हवा होता. नाव ही त्यांची रंगभूमी आहे. एका टोकाला वल्हं घेतलेला गोपी, दुसऱ्या टोकाला पुस्तकं घेऊन बसलेली राधा. मधलं अंतर नावेच्या लांबीएवढं, ना कमी ना जास्त. तो पुढे येऊ शकत नाही, कारण हातात वल्हं आहे. ती उठू शकत नाही, कारण नाव हलेल. जमीनदार आणि नावाडी यांच्यातली दरी संवादांतून सांगायची गरजच उरत नाही. आजकालच्या चित्रपटांत दोन माणसांच्या चेहऱ्यांचे जवळून घेतलेले तुकडे एकाआड एक येतात आणि ती एकमेकांपासून किती दूर बसलीत हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे ते सतत दिसतं, आणि दोघं त्या अंतराला ज्या तऱ्हेनं मान देतात त्यातच सगळा शृंगार आहे.

याच नावेत गोपी राधेला गाणं शिकवतो. हिंदीतलं ‘सावन का महीना’ ते हेच. तेलुगूत तिथे ‘ना पाट नी नोट’ आहे. दोन्हीकडे गंमत एकच: कॉलेजात शिकणारी मुलगी पुस्तकी, शुद्ध उच्चार करते आणि अडाणी नावाडी तिला थांबवतो, असं नाही म्हणायचं, आमच्यासारखं म्हण. तेलुगूत ती ‘चिलका’ म्हणते, तो ‘सिलका’ म्हणायला लावतो. हिंदीत ‘शोर’चं ‘सोर’ होतं. रेडिओवर हे ऐकताना आपण हसलो आणि पुढे गेलो. पडद्यावर मात्र त्या जागी नाव क्षणभर उलटी वाहते. आयुष्यभर ‘जी अम्मायिगारू’ म्हणणारा माणूस पहिल्यांदाच तिची चूक काढतो, आणि ती ती चूक कबूल करून त्याच्यासारखं बोलते. जातपात, पैसा, शिक्षण यांची सगळी उतरंड त्या एका अक्षरापुरती पालथी होते. हातात हात घेतलेला नाही, नजरेला नजर फार वेळ भिडलेली नाही, तरी या चित्रपटातला सगळ्यांत जवळिकीचा क्षण हाच. संगीतकार के. व्ही. महादेवन यांची पद्धत आधी शब्द, मग चाल अशी होती, म्हणून बोलण्यातून गाणं आणि गाण्यातून पुन्हा बोलणं असं ये-जा करताना कुठे सांधा दिसत नाही. सुधीर फडके आणि माडगूळकर यांच्या गाण्यांवर कान तयार झालेल्या माणसाला ही वाट ओळखीची वाटेल.

तेलुगूत हा प्रसंग जास्त खरा वाटतो. सुनील दत्तच्या तोंडची गावरान बोली अंगावर चढवलेल्या धोतरासारखी वाटते, स्वच्छ धुतलेली आणि कडक इस्त्रीची. अक्किनेनी शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शाळा जेमतेम झाली, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत वर आले. त्यांच्या बोलण्यात मुरलेपण आहे. हैदराबादच्या बाजारात आम्ही जी तेलुगू शिकतो ती उर्दू मिसळलेली, तुटक, कामापुरती. गोदावरीकाठची बोली तिच्या तुलनेत हेल काढून, लाडानं बोलल्यासारखी. तेलंगणातले माझे शेजारीसुद्धा ती ऐकताना ‘गोदारि यास’ म्हणून हसतात. अर्धं कळतं, अर्धं नाही. पण सूर कळतो, आणि या चित्रपटाला तेवढं पुरतं.

सावित्री आणि नूतन या दोघींची तुलना टाळता येत नाही, म्हणून करून टाकतो. नूतन आपली, समर्थांच्या घरची, आणि ‘मिलन’साठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण तिची राधा पहिल्यापासून विचार करणारी आहे. गोपीबद्दल आपल्याला काय वाटतंय याचा तिला अंदाज आहे आणि ती तो दाबते. ‘बंदिनी’च्या शेवटी बोटीच्या धक्क्यावर धावत सुटणारी कल्याणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. सावित्रीची राधा वेगळी. तिला काही माहीत नाही. ती गोपीवर रागावते, हसते, त्याची कीव करते, आणि हे सगळं प्रेम होतं हे तिला फार उशिरा, पांढऱ्या लुगड्यात आल्यावर कळतं. ‘पाडुता तीयगा’ हे घंटसालांनी गायलेलं अंगाईसारखं गाणं त्या जागी येतं. गोपी तिला झोपवण्यासाठी गातोय आणि सावित्रीचा चेहरा हळूहळू जागा होत जातो. ती रडत नाही. डोळे भरतात, ओठांच्या कडा किंचित ढिल्या पडतात आणि पुन्हा घट्ट होतात. एका चेहऱ्यावर एवढा वेळ थांबायचं धाडस आज संकलकाला परवडणार नाही. ‘महानटी’ (2018) मुळे तरुण पोरांना सावित्री ठाऊक झाली ती तिच्या आयुष्याच्या शोकांतिकेसाठी. याच कथेचा तमिळ अवतार ‘प्राप्तम’ (1971) तिनं स्वतः काढला, स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यात तिचा पैसा बुडाला, हेही त्या निमित्तानं लोकांना कळलं. पण शोकांतिका बाजूला ठेवून हे एक गाणं पाहा.

एका बाबतीत मात्र मी ‘मिलन’ला जास्त गुण देतो. कृष्णधवल चित्रात राधेचं वैधव्य कपाळ, हात आणि लुगड्याच्या काठावरून ओळखावं लागतं. रंगीत ‘मिलन’मध्ये नूतन पांढऱ्या साडीत हिरव्यागार काठाशी उभी राहिली की आणखी काही सांगावं लागत नाही.

खटकणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. अक्किनेनी 1924 चे, म्हणजे हा कोवळा नावाडी चाळिशीला टेकलेला आहे आणि ते दिसतं. विनोदी पात्रांचे प्रसंग त्या काळच्या थिएटरात चालले असतील, आज ते पुढे ढकलले तरी काही बिघडत नाही. नवरा मरण्याची व्यवस्था पटकथेनं घाईघाईत उरकली आहे. आणि विधवेचं प्रेम या जन्मात काही जमणार नाही, पुढच्या जन्मी बघू, हा तोडगा आजच्या बाईला मान्य होणार नाही, होऊही नये. लेखकांनी समाजाशी थेट भांडण टाळलं. तरी एवढं म्हणता येईल की त्यांनी समाजाची बाजूही घेतली नाही. भोवऱ्यात जाणाऱ्या दोघांना चित्रपट कुठेही पापी ठरवत नाही, आणि त्यांची गोष्ट सांगणारी बाईही ठरवत नाही.

या चित्रपटाचा गोतावळा पाहिला की मराठी माणसाला एक योगायोग सुखावून जातो. ‘मिलन’चे निर्माते एल. व्ही. प्रसाद, ‘आलम आरा’त छोटं काम केलेले. त्यांना 1982 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. अक्किनेनींना 1990 चा. आणि ‘मूग मनसुलु’च्या वेळी अदुर्तींच्या हाताखाली काम करणारे के. विश्वनाथ पुढे ‘शंकराभरणम्’सारखा चित्रपट करून मोठे झाले, त्यांना 2016 चा. एका नावेतून उतरलेली तीन माणसं, आणि ज्या फाळक्यांच्या नावचा पुरस्कार त्यांना मिळाला ते 1870 साली जन्मले त्र्यंबकला, जिथून ही नदी निघते. हैदराबादकर प्रसादांना आता चित्रपटासाठी कमी आणि डोळ्यांच्या दवाखान्यासाठी जास्त ओळखतात. हुसेनसागराकाठच्या ‘प्रसाद्स’मध्ये तिकीट काढणाऱ्या पोरांनाही ते नाव कुठून आलं हे माहीत नसतं. तेलुगू सिनेमा तेव्हा मद्रासेत होता. अमीरपेटचा सारथी स्टुडिओ सोडला तर हैदराबादेत फारसं काही नव्हतं. अक्किनेनी इथे राहायला आले, 1976 मध्ये बंजारा हिल्सला अन्नपूर्णा स्टुडिओ उभा राहिला, आणि हळूहळू सगळा धंदा इकडे सरकला.

अक्किनेनींच्या जन्मशताब्दीनिमित्त सप्टेंबर 2024 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्यांचे दहा चित्रपट पंचवीस शहरांत दाखवले. ‘देवदासु’, ‘मायाबजार’, ‘गुंडम्म कथा’ होते. अदुर्तींचाच ‘सुडिगुंडालु’ होता, ज्याच्या नावाचा अर्थ भोवरे. हा भोवऱ्याचा चित्रपट मात्र त्यात नव्हता. निवडणाऱ्यांची कारणं असतील. पण त्यामुळे झालंय असं की ‘मूग मनसुलु’ आजही बहुतेकांना पाहावा लागतो तो मोबाईलवर, कोपऱ्यात वाहिनीचा शिक्का असलेल्या आणि मध्येच सिमेंटच्या जाहिरातीनं तुटणाऱ्या प्रतीवर. पाण्यावरचं ऊन त्यात पार जळून पांढरं झालंय. पैलतीर काही प्रसंगांत दिसतच नाही. आवाज मात्र धड आहे, म्हणून हेडफोन लावून पाहावा.

जमुना ही दोन्ही चित्रपटांतली एकमेव सामाईक मुख्य नटी. गोपी बदलला, राधा बदलली, भाषा बदलली, कृष्णधवलाचं रंगीत झालं, पण गौरीसाठी अदुर्तींना हिंदीतही दुसरी कुणी चालली नाही. तिथेही तिनं पडदा व्यापला आणि फिल्मफेअरनं तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरवलं. 1989 मध्ये ती काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आली तो मतदारसंघही राजमहेंद्री, गोदावरीकाठचाच. 2023 च्या जानेवारीत हैदराबादेत ती वारली. दोन्ही चित्रपटांत म्हातारी आणि तरुण गौरी तिनंच केली आहे, आणि ‘मिलन’ पाहताना माझं लक्ष त्या म्हातारीकडेच जास्त जातं. तीन वर्षांपूर्वी तेलुगूत सांगून झालेली गोष्ट ती पुन्हा सांगतेय, या वेळी जरा अडखळत, परक्या भाषेत. पण कुठे थांबायचं आणि राधेचं नाव कसं घ्यायचं, हे तिला आता पक्कं पाठ झालेलं आहे.